कॉम्प्रेशन किती ठेवू, मास्तर?

...आणि तो मेकॅनिक हातातलं काळं फडकं झटकत मलाच विचारतो, 'मास्तर, कॉम्प्रेशन किती ठेवू?' आता तुम्हीच सांगा, मी टेलर माणूस! मला छाती विचारा, कंबर विचारा, बाही किती ठेवू विचारा... इंजिनाचं कॉम्प्रेशन काय टेप लावून मोजू? पण तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला माझी सगळी गिऱ्हाइकं आठवली. मी तोंडात टाचण्या धरून 'ढिलं ठेवू की फिटिंग?' विचारतो आणि बिचारी भिंतीकडे बघत बसतात. फेडावं लागतं हो, इथेच फेडावं लागतं.

मला काही हौस नव्हती इंजिनाची. प्रश्न सासूबाईंच्या डोळ्यांचा होता. त्या राहतात घाटाच्या डोक्यावर, एकट्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि इतका पिकलेला की डॉक्टर म्हणाले, आता लांबवलंत तर हाती काही लागणार नाही. बरं, मग खाली दवाखान्यात यायला नको? साडूंनी नवी कोरी गाडी नेली, रिकामी परत आली. दवाखान्याची गाडी गेली, तीही रिकामी आली. कारण काय, तर 'मी यांच्या गाडीशिवाय कुठल्या गाडीत बसले नाही, बसणार नाही.' यांच्या म्हणजे सासऱ्यांच्या! सासरे गेले, त्यांची गाडी माझ्या दुकानामागे ताडपत्रीखाली उभी, आणि इंजिन त्यांच्या मागोमाग गेलेलं. बायको रोज सकाळी त्या ताडपत्रीवरची धूळ झटकायची. आणि माझ्याकडे बघायची. भांडली असती तर परवडलं असतं.

तर इंजिन उघडलं. मेकॅनिक आत डोकावून म्हणतो, 'मास्तर, हे हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, कुणीतरी आधीच घासून घेतलंय, ताकद वाढवायला. आणि भरलंय मात्र साधं पेट्रोल. बघा, पिस्टनवर ठोके बसलेत.' मी म्हटलं, बाबा रे, मला कळेल असं सांग. तर म्हणे, इंजिन आधी पेट्रोल दाबतं, मग पेटवतं. किती पट दाबायचं, ते कॉम्प्रेशन. साधं पेट्रोल म्हणजे नवा जावई, जरा जास्त दाबलं की आपणहून भडकतं आणि आत टकटक ठोकायला लागतं. महागाचं पेट्रोल म्हणजे जुना जावई, कितीही दाबा! आहे तसं दहापट ठेवलं तर महागाचं लागेल. हेडखाली जाड गॅस्केट, म्हणजे अस्तरच समजा, घालून साडेआठवर आणलं तर साधं चालेल, पण घाटात दम कमी. 'बोला, किती ठेवू?'

बोला काय बोला! रात्री झोपेत मी 'दहा' म्हणून दचकून उठायचो आणि 'साडेआठ' म्हणून पुन्हा आडवा व्हायचो. साडू म्हणाले, दहाच ठेवा, घाट आहे, चेष्टा नाही. पंपावरचा म्हणाला, महागाचं इथे येत नाही, शेजारच्या शहरातून आणा, आणि आणेपर्यंत निम्मी टाकी संपेल. शेवटी मी माझ्या धंद्याचं ऐकलं. कपडा ढिला शिवावा, मागून आवळता येतो. साडेआठ!

आणि काय सांगू तुम्हाला, गाडी अशी चालली की इंजिन आहे की नाही कळेना. घाट चढलो धापा टाकत, पण बिनआवाज. सासूबाई ओट्यावर बसलेल्या. बायको म्हणाली, आई, बाबांची गाडी आणलीय. सासूबाईंनी कान दिला. उठल्या, चाचपडत आल्या, बॉनेटवर हात ठेवला...

'पत्रा यांचा असेल. गाडी यांची नाही. यांची वळणावर टकटक करायची. ती ऐकली की मी चहा टाकायचे.'

झालं! तिसरी गाडी रिकामी परत. बायको मागच्या सीटवर तोंडात पदर धरून रडत होती आणि मला हसावं की स्टिअरिंगवर कपाळ आपटावं कळेना. सासरे जन्मभर कंजूषपणा करून चुकीचं पेट्रोल भरत होते हो! आणि त्या चुकीची ही बाई वाट बघत बसायची.

मेकॅनिकला म्हटलं, आवळ, दहा कर, आणि साधं भर. तो म्हणे, 'मास्तर, लोक ठोका काढायला येतात. पिस्टन फुटेल.' म्हटलं, एक घाट निघेल ना? म्हणे, चढताना ठोकेल, उतरताना गप्प.

चढलो. टक टक टक टक... प्रत्येक ठोका माझ्या छातीत. शेवटचं वळण घेतो तर सासूबाई पिशवी घेऊन फाटकात उभ्या! 'किती उशीर,' म्हणाल्या. मला नव्हे, गाडीला. पुढच्या सीटवर बसल्या. आणि उतार लागला... इंजिन गप्प. 'हे काय, थांबले का?' सासूबाईंनी विचारलं. माझ्या बोटात अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून आम्ही घालतो ती लोखंडी टोपी, सकाळी काढायचीच राहिलेली. हात खिडकीबाहेर काढला आणि अख्खा घाट दारावर टक टक टक!

ऑपरेशन झालं, डोळे वाचले. दरम्यान पिस्टन तडकायला आलेला. मेकॅनिकने पुन्हा हात जोडून विचारलं, 'आता तरी सांगा, कॉम्प्रेशन किती ठेवू?' म्हटलं, साडेआठच कर. ठोक्याचं मी बघतो.

परतीचा घाट. मी सवयीने ठोकतोय. सहज शेजारी बघतो तर सासूबाई, नवा चष्मा, आणि नजर थेट माझ्या हातावर. मी हात आत घेतला. गाडी बिनआवाज चढतेय, मागे बायकोनेही श्वास धरलेला. म्हटलं, आता 'उतरवा मला' म्हणणार. त्यांनी चष्मा नीट केला. मग समोर रस्त्याकडे बघत हळूच म्हणाल्या,

'थांबलात का, जावईबापू? वळण आलंय.'

ठोकलं! अजून ठोकतोय, दर तपासणीला, जाताना-येताना. दाराला पोचे पडलेत. मेकॅनिक म्हणतो, काढून देऊ का? म्हटलं, राहू दे रे. जुना जावई आहे मी... कितीही दाबा.