घट बसेपर्यंत

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी वाशीचा दिलीप मोरा बंदराच्या धक्क्यावर पिकनिकच्या पिशव्या घेऊन समोरच्या बेटावर जाणाऱ्या होडीची वाट पाहत बसला होता. शेजारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या सुचित्राबाई कोळणींच्या मंडळाचा मदतीचा अर्ज मंडळाच्या शेवंताबाईंना विचारून भरत होत्या.

“शेवंताबाई, बेटावरच्या बगळ्यांसाठी मंडळ काय काम करतं?”

“कायच नाय. पावसात बेटावरची देवी बालंतीन असते. घट बसंपर्यंत आमी तिथं पाय ठेवत नाय.”

“हे काम म्हणून कसं लिहू?”

“लिवा ना. खडकावर कालवं दिसतात, चुलीवर नुसता भात असतो, तरी पिलं उडंपर्यंत जात नाय.”

“बरं. मदत काय हवी? होडी, दुर्बीण?”

“तुमच्या शिक्क्याची पाटी. देवीचं नाव काढलं की पिकनिकवाले हसतात.”

तेवढ्यात परगावचा होडीवाला आला. “चला साहेब, बेटावर ना?”

दिलीपने पिशव्या उचलल्या. “आज नको. घट बसल्यावर जाऊ.”