रुचिकाच्या गळ्याबाबत

मी, गंगासागर भ्र. गुरुलिंग हलगे, वय ५९ वर्षे, धंदा किराणा दुकान व घरकाम, राहणार नांदूरघाट, ता. केज, जि. बीड.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगा राजेश्वर, सून रुचिका व नात अपेक्षा यांच्यासह राहते. रुचिका आता नाही. तिच्या मरणाबाबत माझ्या मुलाने तालुक्याच्या एका डॉक्टरांविरुद्ध फिर्याद दिली आहे. त्या माणसाचे नाव फिर्यादीत आहे, मी ते तोंडाने घेणार नाही.

रुचिकाला लग्नाआधीपासून अर्धशिशीचा त्रास होता. डोके उठले की ती कपाळाला ओढणी आवळून अंधारात पडून राहायची, भांडे वाजले तरी तिला ओकारी यायची. मला तो कामचुकारपणा वाटायचा. उन्हाळ्यात लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तिला कपाळ, कानशिले, मान व खांद्यावर बोटॉक्सची बारीक इंजेक्शने दिली. त्याने डोके शांत राहते, मात्र दर तीन महिन्यांनी परत घ्यावी लागतात, असे त्यांनी सांगितले होते. गुण आला. ती दुकानात बसू लागली, गिऱ्हाइकांशी हसून बोलू लागली. मला बरे वाटले, पण तसे मी तिला कधी बोलले नाही.

पुढची इंजेक्शने घेण्याची वेळ श्रावणात आली. आम्ही लिंगायत आहोत. श्रावणात एका सोमवारी आमच्या घरी स्वामींची पाद्यपूजा असते, त्याची तयारी चालू होती. ऐन त्या गडबडीत लातूरला जायला नको, असे मी म्हणाले. तालुक्याला त्वचेचा व केसांचा दवाखाना आहे, तिथे राजेश्वर तिला घेऊन गेला. मीही सोबत होते. "औषध तेच हाय मावशी, मानेत जरा जास्त देतो, म्हंजे लई दिवस टिकंल," असे ते डॉक्टर माझ्यासमोर बोलले.

काही दिवसांत रुचिकाची मान पुढे पडू लागली. आवाज नाकातून येऊ लागला, चहा प्याली की नाकातून परत येई. राजेश्वरने डॉक्टरांना फोन केला. "औषध बसतंय, आपोआप उतरंल, कुठं न्यायची गरज न्हाई," असे त्यांनी सांगितले. आम्ही त्यांच्यावर विसंबलो.

सोमवारी सकाळी पूजा झाली. स्वामींचे पाय धुतलेले पाणी म्हणजे तीर्थ. ते घरातल्या प्रत्येकाने घ्यायचे असते व थेंबही खाली सांडू द्यायचा नसतो. रुचिकाने तीर्थ घेतले. तिला ठसका लागला व ओठ निळे पडले. आम्ही तिला जीपमधून अंबाजोगाईला नेले, तिथे ती श्वासाच्या मशीनवर होती व नंतर शिवैक्य झाली. औषध जास्त झाल्याने गळ्याचे स्नायू ढिले पडले व पाणी फुप्फुसात गेले, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

जबाब इथपर्यंत वाचून दाखवल्यावर मी साहेबांना थांबवले. "रुचिकाने तीर्थ घेतले" हे बरोबर नाही. ते खोडून पुढीलप्रमाणे लिहावे.

रुचिका मला म्हणाली, "आत्या, घोट उतरंना हो. आज नका." स्वामी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मावशी, कपाळाला लावा, पोचलं." मी ऐकले नाही. पाहुण्यांसमोर सून तीर्थाला नाही म्हणते याचा मला राग आला होता. "रोज जेवताना नाटक, आता देवासमोर बी?" असे मी तिला बोलले. तिची मान वर होत नव्हती, म्हणून मी डाव्या हाताने तिची हनुवटी वर धरली व वाटी ओठांना लावली. थोडे तीर्थ नाकातून आले. ते खाली सांडू नये म्हणून मी पदर लावला आणि उरलेले पाजले.

राजेश्वर बाहेर बाकावर बसला आहे. येताना तो मला म्हणाला, "आई, पाजलं असं बोलू नकू. त्यांचा वकील म्हणंल सासूनंच मारली, अन् ते सुटंल." त्याचे खरे आहे. तो डॉक्टर सुटू नये. फोनवर त्यांनी दवाखान्यात न्या म्हटले असते तर ती त्या सोमवारी घरीच नसती. त्यांच्याविरुद्धची तक्रार माझ्याकडून कायम आहे. पण ती नको म्हणत होती, हे माझ्याशिवाय सांगणारे कोणी नाही. स्वामी ठाण्याची पायरी चढणार नाहीत, पाहुणे म्हणतात, आम्ही बघितले नाही. ती नंतर एक शब्दही बोलली नाही, मशीन असल्याने तिला बोलता येत नव्हते. अपेक्षा मला रोज विचारते की आई कशाने गेली. मी तिला अजून काही सांगितलेले नाही.

दुरुस्तीसह जबाब मला पुन्हा वाचून दाखवला. तिने घेतले नाही, मी पाजले, असे आता त्यात आहे. तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे.