कराचीचा जावई

अरे, परवापर्यंत, म्हणजे या पंचावन्न सालच्या जुलैपर्यंत, पाकिस्तानचे शंभर रुपये म्हणजे आपले एकशे चव्वेचाळीस होते, माहितीये ना? आमच्या अंधेरीच्या काकांना तर तो भाव पाठच होता. त्यांच्या सुमीला कराचीतल्या मराठी मुलाचं स्थळ आलेलं, पगार दोनशे. काका गल्लीभर सांगत सुटले, "म्हणजे आपले दोनशे अठ्ठ्याऐंशी." मुलगा बघायला आला तेव्हाच सुमीला आवडला होता.

आणि परवा पेपरात आलं, पाकिस्तानने त्यांच्या रुपयाचा भाव उतरवला, आता दोन्ही सारखेच.

मी विचारलं, "काका, एका रात्रीत रुपया लहान होतो तरी कसा?"

"रुपयाचं सोड रे, जावई स्वस्त झाला. मी नकार कळवतो."

सुमी आतून म्हणाली, "स्वस्त झालाय ना, बाबा? मग परत भाव चढायच्या आत उरकून घ्या."