एकशे बारा पानं सेव्ह केली त्याची गोष्ट

आदरणीय अध्यक्ष दिगंबरराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती विंग कमांडर सुबोध पाटणकर, आणि एवढ्या धुक्यात मोहाली-पंचकुल्याहून आलेल्या बंधुभगिनींनो,

मंडळाचा सचिव म्हणून, बदली होऊन निघालेल्या सुबोधरावांबद्दल दोन शब्द बोलण्याचा मान मला दिलात. त्या मानाला मी कितपत पात्र आहे, ते तुम्हीच ऐकून ठरवा.

आपल्या मंडळाची एक रीत आहे. बदली होऊन जाणारं कुटुंब जाताना एक पान लिहून जातं. गेली चौदा वर्षं आपण ही पानं थेट कॉम्प्युटरवर लिहितो, कागदावर काहीच नाही. एप्रिलमध्ये नवं सॉफ्टवेअर बसवलं आणि पानांवर मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसू लागली. मंडळाचा कॉम्प्युटर सांभाळणारे सुबोधराव तेव्हा ड्यूटीवर बाहेरगावी. फोनवर म्हणाले, "मुरलीधरराव, घाबरू नका. डेटाबेसमध्ये अक्षरं शाबूत आहेत, फक्त नव्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाहीत. मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

आणि मी हात लावला.

आठ महिने सुबोधराव तुम्हाला सांगत आले की सॉफ्टवेअरची गडबड झाली. माझी अब्रू राखली त्यांनी. तेहतीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस मी, स्वस्थ बसवतं का? एकेक पान उघडलं आणि नीट होईल या आशेनं 'सेव्ह' दाबलं. एकशे बारा वेळा. पडद्यावर दिसत होती तीच प्रश्नचिन्हं खऱ्या अक्षरांच्या जागी जाऊन बसली. बॅकअप सात दिवसांचाच राहतो. मी लाजेनं गप्प बसलो, आणि सुबोधराव परतले दहाव्या दिवशी.

त्यानंतर त्यांनी एकही रविवार घरच्यांना दिला नाही. सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेतले त्यांचे शास्त्रज्ञ मित्रही येऊन बघून गेले. ते म्हणाले, अक्षरं नुसती विस्कटली असती तर पुन्हा जुळवता आली असती. इथे मागे काही उरलेलंच नाही.

बऱ्याच जणांनी आपापलं पान आठवून पुन्हा लिहून पाठवलं. तिसऱ्या रांगेत रागिणीवहिनी बसल्या आहेत. बदली झाली तेव्हा त्यांच्या घरचं पान नंदकुमारांनी लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी ते वारले, आणि वहिनी मुलीला घेऊन इथे परत आल्या. ते पान कोण आठवणार? त्यांची कश्मिरा दर कार्यक्रमाला विचारते, "अंकल, पापा का पेज मिल गया क्या?" मी म्हणतो, "मिल जाएगा बेटा, पक्का." बेटा, नाही मिळणार. मला ते एप्रिलपासून माहीत आहे.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, आवरतो. सुबोधराव, नव्या ठिकाणी सुखात राहा. माझी चूक तुम्ही फार दिवस वाहिलीत, ती इथेच ठेवून जा.

सभागृह देणाऱ्यांचे, चहाची व्यवस्था पाहणाऱ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान चुकला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. त्या पानाबद्दल मात्र, रागिणीवहिनी, माफी मागायचंही मला धाडस होत नाही.