अनवधानाने

— नाही नाही ताई, असे सगळे कागद एकत्र कोंबू नका, द्या इकडे. वकील नाही ना तुमचा? माझाही नव्हता. त्यात लाजायचं काय? अर्जाच्या तीन प्रती करायच्या — एक जज मॅडमना, एक समोरच्यांना, एक आपल्या हातात. आणि आत गेलं की मॅडमकडे बघून बोलायचं, समोर कोण उभंय तिकडे बघायचंच नाही. मी एकदा बघितलं — माझी मेहुणी, बायकोची मोठी बहीण — आणि पुढचं वाक्यच विसरलो. विचारलं तेवढंच सांगायचं, मधे तोंड घालायचं नाही. सगळं येत होतं हो मला, दीड महिना घोकत होतो, लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून. मी लिफ्ट दुरुस्त करतो ना — खड्ड्यात आवाज काय घुमतो, थेट कोर्टात बोलल्यासारखं वाटतं. वरून वॉचमन ओरडायचा, अहो मेकॅनिक, कुणाशी भांडताय खाली? — निकाल? लागला की, सकाळीच. मग इथे का बसलोय? बसलोय. तुमचा नंबर यायला वेळ आहे ना अजून?

मुलगी आहे मला, आठ वर्षांची. घरी बुटकी म्हणतो तिला. तिची आई मागच्या वर्षी गेली — कावीळ झाली, अकरा दिवसांत आटोपलं सगळं. आता मेहुणीचं म्हणणं, पोरगी बापाकडे सुरक्षित नाही, ताबा मला द्या. का? तर हात भाजला तिचा. आता हात काय कुणाचाही भाजतो, नाही का? खाली टायपिस्ट बसतो ना, त्यानेच अर्जात घातलं — ‘पातेले अनवधानाने कलंडले’. भारदस्त शब्द, मला फार आवडला. मॅडमनी विचारलं, हात कसा भाजला? मी म्हटलं, अनवधानाने पातेलं कलंडलं. बास, एक अक्षर जास्त नाही. मग त्या बुटकीला आपल्या खोलीत घेऊन गेल्या, एकटीला. दहा मिनिटांनी बाहेर आल्या, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, ‘तुमची मुलगी म्हणते, अनवधानाने. अर्थ विचारला तर तिला सांगता येईना. हा शब्द तिला कोणी शिकवला?’

मीच शिकवला होता. रोज शाळेत सोडताना, स्कूटरवर, मागे बसून म्हणायची — अ-न-व-धा-ना-ने — शाळेच्या फाटकापर्यंत. पण ताई, खोटं नव्हतं ते! पातेलं कलंडलंच होतं. म्हणजे — मी घरातच होतो. पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. चार दिवस कामावर गेलो नव्हतो. प्यायलो नव्हतो हां, तसलं काही नाही, मेहुणीसुद्धा तसं म्हणत नाही. नुसता पडलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. स्वयंपाकघरातून स्टूल ओढल्याचा आवाज आला — आणि मी जागा होतो. कळलं मला. ओट्यापर्यंत हात पोचत नाही तिचा, म्हणून स्टूल. मग गॅस पेटल्याचा आवाज. चहा करत होती, माझ्यासाठी — आई चहा घेऊन यायची आणि मी उठायचो, हे बघितलं होतं ना तिने. सगळं कळत होतं मला. म्हटलं, उठावं. आता उठतो. नाही उठलो. का नाही उठलो? तेच तर — सांगता येत नाही. किंकाळी ऐकली तेव्हा उठलो. नाही, तेव्हाही लगेच नाही. जरा वेळ — जाऊ द्या.

मेहुणीला माहीत नाही हे. कुणालाच नाही. आणि मॅडमनी विचारलं होतं हो, दोनदा, ‘आणखी काही सांगायचंय?’ थांबल्या होत्या माझ्यासाठी, पेन खाली ठेवून. मी म्हटलं, नाही मॅडम.

सहा महिने मावशीकडे, रविवारी चार तास भेट. मेहुणी रडत होती, मनासारखं होऊनसुद्धा — वाईट बाई नाही ती, बुटकीला जिवापाड जपेल. जिन्यापाशी तिचा हात सोडून बुटकी पळत आली माझ्याकडे. मी खाली वाकलो तर कानात म्हणते, ‘बाबा, मी बरोबर म्हटलं होतं. एकही अक्षर चुकलं नाही. मग मला का पाठवता?’ तिला वाटतंय, तिचंच काहीतरी चुकलं! आणि मी काय म्हटलं असेल? सांगा ना — काय म्हणायचं होतं अशा वेळी? मी म्हटलं, ‘मावशी थांबलीय, जा.’ गेली. मागे वळून बघत बघत गेली. आता घरी जायचं तर तिथे तिच्या चपला — दारातच —

काय? तुमचंच नाव ना ते? मग उठा की! हे घ्या कागद. माझ्याकडे काय बघताय ताई — जा, जा आत.