कडू म्हन, थुकली म्हन

मी मूळची केंदूरची, दिली केडगावात. दुष्काळात खडी फोडली, हाताची सालटी निघाली, त्यातनं सुटले ती दौंडच्या अंगाला बियरची फॅक्टरी निघाली तवा. आमी बाया बाटल्या धुवायला. डोक्यावर पत्रा, प्यायला नळाचं पानी, हप्त्याची सुट्टी. काय सांगू ताई तुमाला, मला वाटलं सुटले मी, पोरी माझ्या सुटल्या.

तिथं जर्मन सायेब व्हता, मोडकं हिंदी बोलायचा. त्याची रीत अशी की नवी बियर निघाली का गेटवाल्यापासनं आमा बायांपत्तुर समद्यांनी चाखायची, कशी लागली ते सांगायचं. बाया पदर तोंडाला लावायच्या, एक थेंब घेऊन थू थू करायच्या, सायेब हसायचा, संपलं. मी बी तसंच करायची. पर त्या दिशी काळी बियर निघाली, जव भाजून केल्याली. सायेब म्हनला, पहले सूंघो, फिर मुंह में घुमाओ. मी घुमवली. पैल्यांदा कडू, मेथीवानी, मंग मागनं भाकरीच्या करपल्या पापुद्र्याची चव आली, आन् शेवटाला जराशी ग्वाड. मी गिळली ताई. सायेबानं इचारलं, कैसा लगा. म्हनलं, चांगली हाय, आनखी द्या. आवडली तर आवडली म्हनाया नगं?

दिवस मावळायच्या आत घरी कळलं. आमचं मालक रोज हातभट्टी पिऊन यायचे, उंबऱ्यात वकायचे, मी पुसायची, त्याला कवा कुनी बैठक बोलावली न्हाई. माझ्या एका घोटाला समदे भाऊबंद गोळा! थोरलं दीर म्हनले, पोरीच्या डोक्यावर हात ठेव, कडू म्हन, थुकली म्हन, मंग खुशाल जा कामाला. मालक म्हनले, म्हन की, तुझ्या बाचं काय जातंय. सासू म्हनली, म्हन बाई, काम जाईल. समद्यांना ठावं व्हतं मी खोटं बोलनार, त्यांना तेच पायजे व्हतं. म्या धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. ती वर बघत व्हती माझ्याकडं. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून खोटं कसं बोलू? म्हनलं, आवडली. गिळली. पुन्यांदा मागितली.

काम गेलं. आन् बैठक उठली तशी समदे बापे मालकासंगं भट्टीवर गेले, मोठा निवाडा केला म्हनून. अजून बोलताना अंगाची आग हुतीया. मला खुरपं, आन् थोरलीला शाळेतनं काढून तिला बी खुरपं.

आता मालक थकल्यात, डाक्तरनं त्यांची दारू बंद केली, तर घरातली समदी हळहळत्यात, जीव तळमळतो म्हनत्यात त्यांचा. माझ्यासाठनं कोन हळहळलं?

पर थोरली अजून म्हनती, आये, एक शब्द खोटं बोलली असतीस तर मी मास्तरीन झाले असते. भाऊबंदांना मी उत्तर दिलं, सासूला दिलं, मालकाला दिलं. पर ही आली की मी नुसती भांडी आपटते. शिकल्याल्या दिसता तुमी ताई, सुखी ऱ्हावा.