निळीचा हात

गिरिजाबाई : खरं सांग रूपाली. मी जालन्याला दवाखान्यात पडल्ते, तव्हा भिंतीवरच्या पानाला कोणी हात लावला?

रूपाली : आत्या, आधी तो काळा चष्मा डोळ्यावर घ्या बरं. पट्टी काढून घरी आलो न्हाई तोच तुम्ही लगेच भिंती तपासायला लागल्या. डॉक्टर काय म्हणले? उघड्या डोळ्यानं उजेडात बसायचं न्हाई.

गिरिजाबाई : घातला बाई चष्मा. पण मी पाह्यलं ते पाह्यलं. पान निळं हाय. निळंशार! बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मी पांढरंशुभ्र पान टांगल्तं.

रूपाली : नव्या डोळ्याला काही दिवस रंग वेगळेच दिसतात म्हणे.

गिरिजाबाई : मंग दाराचा पडदा लालच कसा दिसून राह्यला? एकलं पानच कसं निळं?

रूपाली : चहा ठेवू?

गिरिजाबाई : चहाचं नंतर. अगं, ते पान तुझ्या सासऱ्यानं जायच्या आधी वतलेलं हाय. जन्मभर लोकांच्या बंगल्यात प्लास्टरची फुलं केली, वेली केल्या, अन् आपल्या घराला काय तर हे एक पिंपळाचं पान. एक एक शीर कोरली अन् मला म्हणले, रंग तू दे, तुझा हात हलका हाय. माणूस गेला, पान राह्यलं. त्याची कोणी माती केली?

रूपाली : म्या केली.

गिरिजाबाई : तू?

रूपाली : हो. पांढऱ्यावर लई धूळ दिसायची. म्हणून निळा हात मारला. चुकलं माझं.

गिरिजाबाई : धूळ दिसायची! अन् मला इचारावं वाटलं न्हाई? चार बुकं शिकलीस म्हणून घरातल्या मेलेल्या माणसाची वस्तू बी तुझीच झाली का?

(शेजारची मैमूना दारातून आत येते.)

मैमूना : जय भीम भाभी! आँख कैसी है? अन् हे काय, आल्या आल्या सुनेवर कायकू तापल्या? आवाज गल्लीत येऊन राह्यला.

गिरिजाबाई : बरं झालं आलीस, मैमूना. तुझा गुलाम नबी अन् आमचे हे, कामावरचे जन्माचे जोडीदार. ते पान साच्यातून काढायला त्यानंच हात दिल्ता. आता बघ, ह्या पोरीनं त्याला निळा फासला.

मैमूना : इसने? कायकू झूट बोलतीस गं रूपाली?

रूपाली : चाची, तुम्ही चहा घेता ना?

मैमूना : चाय-बिय नक्को. भाभी, पान तुम्हीच निळं केलं. मी त्या उंबऱ्यावर बसून बघत होते.

गिरिजाबाई : मी? येडी झालीस का? अख्ख्या गल्लीचा चुना मी कालवून द्यायची. पांढरं उठून दिसायला नीळ किती टाकायची, ते बाया मला इचारायच्या. चिमूटभर. जास्ती गेली की भिंत निळी पडते. आता हे तू मला शिकवतीस?

मैमूना : बराबर, चिमूटभर. मंग पानाच्या टायमाला निळीची अख्खी बाटली कायकू रिकामी केली?

गिरिजाबाई : कारण पांढरं येतच न्हवतं! दुकानदारानं जुना डबा देल्ता. डिस्टेंपर कालवलं, तर पिवळट. थोडी नीळ टाकली, तरी पिवळट. म्या त्या दुकानदाराला किती शिव्या दिल्या असतील. टाकत गेले, टाकत गेले, तव्हा कुठं...

मैमूना : भाभी, आता एक काम करा. नवी आँख हळू मिटा, हात नक्को लावू. जुनीवाली उघडी ठेवा. अन् पान देखो.

गिरिजाबाई : आता हे काय खेळ...

रूपाली : आत्या?

गिरिजाबाई : पांढरं हाय.

मैमूना : अब दुसरी उघडा.

गिरिजाबाई : निळं. ...डबा जुना न्हवता तर.

रूपाली : न्हाई. मोतीबिंदू पिकला होता. इतके दिवस तुम्ही सगळं पिवळ्या काचेतून बघत होता, त्याला पांढरं करायला जेवढी नीळ लागली, तेवढी तुम्ही टाकली.

गिरिजाबाई : अगं बाई! अन् विहारातल्या त्या दुर्गाबाई पानापुढं उभं राहून म्हणल्या, गिरिजाबाई, काय रंग साधला! अन् मी काय म्हणावं? म्हणलं, चिमटीला अंदाज लागतो बाई!

मैमूना : हौ! अन् तिनं घरी जाऊन आपल्या दाराला तसाच निळा मारला. अजून तुमचं नाव सांगती सगळ्यांना.

गिरिजाबाई : हसू नको, मेले. रूपाली, मिथुननं बी बघितलं असंल की. पोटचा पोरगा, तो कसा बोलला न्हाई?

रूपाली : त्यांना वाटलं, तुम्ही मुद्दामच निळा दिला, आपला जय भीमचा. मला बी तसंच वाटल्तं. मंग तुम्ही म्हणल्या, बघ कसं दुधासारखं झालंय. तव्हा मला कळलं, तुम्हाला निळं दिसूनच न्हाई राह्यलं.

गिरिजाबाई : मंग तव्हाच सांगायचं ना!

रूपाली : किती डाव सांगितलं, आत्या? तांदळात खडे निघाले, मी म्हणलं डोळे दाखवा. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. अन् पान निळं झालं म्हणले असते, तर तुम्ही ते पेटीत घालून ठेवलं असतं. मामांनी जायच्या आधी एवढ्या भरवशानं सोपवलेलं काम आपल्या हातून बिघडलं, हे तुमच्या मनातून कव्हाच गेलं न्हसतं. म्हणून ठरवलं, आधी डोळे. पानाचं मंग बघू.

गिरिजाबाई : पण जालन्याला तर मी तुझ्यासाठी आल्ते. तुझं डोकं दुखत व्हतं. चष्मा लागंल म्हणालीस, सोबत चला म्हणालीस.

मैमूना : उसका सर कायकू दुखेगा! रोज माझ्याकडं यायची. चाची, आत्याला दवाखान्यात कसं न्यावं? मीच बोलली, तू आपलं डोकं धरून बस.

गिरिजाबाई : दोघींनी मिळून! अन् ते डॉक्टर म्हणले, आजी, आल्याच हायत तर तुमचे बी डोळे बघून टाकू.

रूपाली : ते बी मीच आत जाऊन सांगून आल्ते.

गिरिजाबाई : अन् आत्ता मी तुला वाट्टेल ते बोलले. तू सगळं अंगावर घेतलंस. म्या केलं म्हणालीस.

रूपाली : घरचंच माणूस बोललं. त्याला काय.

गिरिजाबाई : न्हाई, मला बोलू दे. पोटच्या पोराला कळलं न्हाई ते तुला कळलं. म्या फटकन तोंड फिरवायची अन् तू तरी माझ्या डोळ्याचीच काळजी करत बसायचीस. लई उपकार झाले पोरी तुझे. तुझे बी, मैमूना.

रूपाली : आत्या, रडायचं न्हाई! डॉक्टर ओरडतील.

मैमूना : हौ. नवी आँख है, पहिल्याच दिवशी भिजवू नक्को. अन् पानाचं टेन्शन घेऊ नका. आमचे हे म्हणले, खाली उतरवून पांढरे हात मारून देतो. बिलकुल पहिल्यासारखं.

गिरिजाबाई : न्हाई. राहू दे निळंच. माझी नजर गेली, हे तुम्हाला त्यानंच सांगितलं ना? ह्यांनी जाता जाता माझ्या डोळ्यासाठीच करून ठेवलं म्हणायचं. फक्त एक जीवाला लागलं. इतके थर देले म्या, शिरा बुजून गेल्या. कोरलेलं दिसून न्हाई राह्यलं.

रूपाली : शिरा तेवढ्या पांढऱ्या काढू. निळ्यावर लई उठून दिसतील. मी बारीक ब्रश आणते.

गिरिजाबाई : दुसरा डोळा होऊ दे. तोवर एका डोळ्यानं माझं पांढरं बघते, एका डोळ्यानं तुमचं निळं. मंग दोघी बसू. ब्रश मी धरीन, रंग तू कालव.

रूपाली : नीळ किती टाकू?

गिरिजाबाई : तुला वाटंल तेवढी.

रूपाली : बरं. आता तरी चहा ठेवू?

गिरिजाबाई : थांब जरा. इकडं दारापाशी ये, उजेडात. चष्मा थोडा वर करू दे. एवढंच, मंग घालते.

रूपाली : आता काय राह्यलं, आत्या?

गिरिजाबाई : तुझ्या हनुवटीवर तीळ हाय?

रूपाली : पहिल्यापासून हाय की.

गिरिजाबाई : ह्या घरात सून म्हणून आलीस तव्हापासून रोज तुझ्या हातचं खाते, अन् मला आज दिसला.

मैमूना : मंग, भाभी? कैसी है सून?

गिरिजाबाई : आवाजावरून वाटायची तशीच हाय.